चीक, वार आणि पोलिओचे दोन थेंब : अँटीबॉडी पेशी ओलांडते कशी?

खरवस घरी करणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पहिल्या दिवसाच्या चिकात जवळजवळ तेवढंच दूध घातलं तरी वडी सुरीने कापण्याइतकी घट्ट होते. तिसऱ्या दिवसाचा चीक मात्र दूध न घालता वाफवला तरी लिबलिबीत राहतो. (मुंबईत हल्ली चायना ग्रास घालून थिजवलेलं जे काही खरवस म्हणून खपवलं जातं, त्याला हा नियम लागू नाही. ते कधीही थिजतं.) खऱ्या चिकाची वडी धरते ती प्रथिनांमुळे, आणि त्या प्रथिनांत अँटीबॉडींचा, म्हणजे जंतूंना ओळखून चिकटणाऱ्या प्रथिनांचा, वाटा फार मोठा असतो. गाईच्या चांगल्या चिकात लिटरमागे ५० ग्रॅमहून जास्त अँटीबॉडी असतात. नंतरच्या नेहमीच्या दुधात जेमतेम एखादा ग्रॅम. वाफ लागली की ही प्रथिनं उलगडतात, एकमेकांत अडकतात आणि गोठून बसतात. तेव्हा खरवस खाऊन प्रतिकारशक्ती वाढते वगैरे जे सांगितलं जातं त्यात दम नाही. शिजलेली अँटीबॉडी म्हणजे साधं प्रथिन. वेलची-जायफळ घालून चवीसाठी खावा, उत्तम लागतो.

वासराला मात्र हाच चीक कच्चा आणि वेळेवर मिळावा लागतो. गाई-म्हशींच्या वारेतून (म्हणजे प्लासेंटातून) अँटीबॉडी पलीकडे जात नाहीत, त्यामुळे वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात त्या जवळपास नसतातच. जन्मानंतरचे साधारण २४ तास त्याचं आतडं मोठमोठे प्रथिनांचे रेणू अख्खेच्या अख्खे आत घेतं आणि रक्तात सोडतं. मग ही सोय बंद होते. दुसऱ्या दिवशी कितीही चीक पाजला तरी रक्तात काही पोचत नाही. तबेल्यातला जाणता माणूस पहिला चीक आधी वासराला पाजतो तो यासाठी.

माणसाच्या बाळाचं गणित नेमकं उलटं आहे. ते जन्माला येतं तेव्हा त्याच्या रक्तात आईइतक्या, कित्येकदा आईपेक्षा थोड्या जास्तच अँटीबॉडी असतात. त्या त्याला वारेतून, पोटात असतानाच मिळालेल्या असतात. आणि जन्मल्यावर आईच्या पिवळसर चीकदुधातून ज्या अँटीबॉडी त्याला मिळतात, त्या बहुतेक रक्तात जातच नाहीत. तोंड, घसा, आतडं इथेच राहून काम करतात. दोन वेगळ्या जातींच्या अँटीबॉडी, दोन वेगळे रस्ते. पण दोन्ही रस्त्यांवर एक अडथळा सारखाच आहे: पेशींचं अखंड अस्तर. ते अँटीबॉडी कशी ओलांडते, हा या लेखाचा विषय.

आतडं, नाक, श्वासनलिका, स्तनातल्या दुधाच्या नळ्या, सगळ्यांना आतून हे अस्तर असतं. त्यातल्या पेशींना एपिथेलियल पेशी म्हणतात. आतड्यात तर हे अस्तर फक्त एका पेशीच्या जाडीचं असतं. त्याच्या एका बाजूला अन्न, पाणी आणि असंख्य जंतू, दुसऱ्या बाजूला रक्तवाहिन्या. जुन्या पाठ्यपुस्तकांत आतड्याचा हा पृष्ठभाग टेनिस कोर्टाएवढा असल्याचं लिहिलेलं असायचं. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी नव्याने मोजमाप केलं तेव्हा तो सुमारे ३० चौरस मीटर भरला. म्हणजे बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या दोन खोल्या. टेनिस कोर्टाच्या मानाने कमी, पण एका पेशीच्या जाडीवर भरवसा ठेवायचा म्हटलं तर पुष्कळच.

शेजारशेजारच्या पेशी वरच्या कडेला एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की त्यांच्यामधून पाणी आणि क्षार थोडेफार झिरपतात, मोठा रेणू नाही. अँटीबॉडी तर फारच मोठी. रक्तात सर्वांत जास्त असणारी आयजीजी नावाची अँटीबॉडी ग्लुकोजच्या रेणूपेक्षा आठशे पटींहून जड असते. आतड्यात काम करणारी आयजीए तर जोडीने प्रवास करते, त्यामुळे तिचं वजन आयजीजीच्या दुपटीहून जास्त. दोन पेशींमधल्या फटीतून यांना वाट नाही. जायचं तर पेशीच्या पोटातूनच.

आणि पेशीच्या पोटात शिरलेल्या प्रथिनाचं सहसा काय होतं? पेशी आपल्या पडद्याचा एक खळगा आत ओढते, त्याची बारीकशी पिशवी होते, पिशवीतलं पाणी आम्लधर्मी होत जातं आणि शेवटी ती लायसोसोम नावाच्या भागाला जाऊन मिळते. तिथले एन्झाइम प्रथिनाचे तुकडे तुकडे करतात. अँटीबॉडी अख्खी पलीकडे जायला हवी असेल तर या ठरलेल्या वाटेवरून तिला वेळेत बाजूला काढणारं कुणीतरी हवं. एका बाजूने आत घेऊन दुसऱ्या बाजूने सुखरूप बाहेर सोडण्याच्या या क्रियेला ट्रान्ससायटोसिस म्हणतात. हे नाव १९७० च्या दशकाच्या शेवटी रुमानियन शास्त्रज्ञ निकोलाए सिमियोनेस्कू यांनी दिलं. ते केशवाहिन्यांच्या पेशींवर काम करत होते. आपल्या शरीरात अँटीबॉडींसाठी हे काम मुख्यतः दोन रिसेप्टर (ठराविक रेणू ओळखून धरणारी पेशीची प्रथिनं) करतात, आणि दोघांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. एक आपलं काम एकदाच करतो. दुसरा तेच काम पुन्हा पुन्हा करत राहतो.

आधी पहिला. त्याचं नाव पीआयजीआर.

आतड्याच्या अस्तराच्या लगेच खाली प्लाझ्मा पेशी मोठ्या संख्येने बसलेल्या असतात आणि आयजीए बनवत असतात. शरीरात रोज तयार होणाऱ्या इतर सगळ्या अँटीबॉडी एकत्र केल्या तरी आयजीएचं पारडं जड राहतं. मोठ्या माणसाच्या आतड्यात दिवसाला ३ ते ५ ग्रॅम आयजीए सोडली जाते. पण ती तयार होते अस्तराच्या आतल्या बाजूला, आणि जंतू आहेत बाहेरच्या. मधल्या एपिथेलियल पेशी पीआयजीआर बनवतात आणि आपल्या तळाच्या बाजूला, म्हणजे आयजीएकडे तोंड करून, पडद्यावर लावून ठेवतात. आयजीएच्या दोन रेणूंना जोडणारा एक छोटा दुवा असतो, त्याला जे-साखळी म्हणतात. रिसेप्टर तिच्या आधाराने ही जोडी ओळखतो. एकटी, सुटी आयजीए त्याला चालत नाही.

जोडी पकडली की पडद्याचा तेवढा भाग खळग्यासारखा आत ओढला जातो आणि पिशवी तुटून पेशीत येते. इथून ती लायसोसोमकडे न जाता एकातून दुसऱ्या पिशवीत बदली होत, पेशीतल्या सूक्ष्मनलिकांच्या धाग्यांवरून वर सरकत जाते आणि वरच्या पडद्याला मिळते. साधारण अर्ध्या तासाचा हा प्रवास. वर पोचल्यावर खरी गंमत होते. एक एन्झाइम रिसेप्टरलाच कापतं. रिसेप्टरचा पडद्यात रुतलेला बुंधा मागे राहतो आणि बाहेरचा मोठा तुकडा आयजीएला चिकटलेला असतानाच आतड्याच्या पोकळीत सुटतो. त्या तुकड्याला सिक्रिटरी कंपोनंट म्हणतात. म्हणजे आयजीएची प्रत्येक जोडी पलीकडे नेण्यासाठी पेशी एक अख्खा रिसेप्टर खर्च करते. दिवसाला काही ग्रॅमच्या हिशेबाने पाहिलं तर ही उधळपट्टीच वाटते.

उधळपट्टी नाही ती. आतड्यात प्रथिनं पचवणारे एन्झाइम भरलेले असतात आणि अँटीबॉडी हेही प्रथिनच. सिक्रिटरी कंपोनंटवर शर्करेच्या साखळ्यांचं दाट आवरण असतं, आणि ते आयजीएच्या नाजूक भागाला वेढून बसतं. त्यामुळे ती तिथे टिकते. शिवाय या शर्करांमुळे ती आतड्यातल्या शेंबड्या थरात नीट अडकून राहते, सहज वाहून जात नाही. ज्याने वाहून आणलं त्याचाच तुकडा पुढे चिलखत होतो. जीवशास्त्रात अशा दुहेरी वापराची उदाहरणं पुष्कळ आहेत, पण मला हे सगळ्यात देखणं वाटतं.

हे सगळं सिद्ध कसं झालं तो प्रयोगही सांगण्यासारखा आहे. कीथ मोस्टोव्ह आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये सशाच्या पीआयजीआरचा जीन वाचून काढला आणि १९८६ मध्ये तो कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींत घातला. या पेशी प्रयोगशाळेत जाळीदार पडद्यावर वाढवल्या की एकमेकींना घट्ट शिवून सलग अस्तर तयार करतात. असा पडदा तळाशी असलेला छोटा कप मोठ्या कपात टांगायचा. आतल्या कपातलं द्रव पेशींच्या डोक्याकडच्या बाजूला, बाहेरच्या कपातलं तळाकडच्या. बाहेरच्या कपात किरणोत्सारी खूण केलेली आयजीए टाकली, आणि ती काही वेळाने आतल्या कपात दिसू लागली. ज्या पेशींत सशाचा जीन घातला नव्हता त्यांच्यातून काही पलीकडे गेलं नाही. सशाचा रिसेप्टर, कुत्र्याची पेशी, आणि तरी वाहतूक बिनबोभाट. म्हणजे कुठे जायचं याची माहिती रिसेप्टरच्या अंगातच लिहिलेली असणार. पुढे ती सापडलीही. रिसेप्टरची जी शेपटी पेशीच्या आत लोंबत असते, तिच्यात पडद्यालगत १७ अमिनो आम्लांचा एक तुकडा आहे. तेवढाच कापून टाकला तर नवा रिसेप्टर तळाला जायचं सोडून थेट वरच्या बाजूला जातो, आणि खाली आयजीए ताटकळत राहते.

बाहेर आलेली आयजीए जंतूंना मारत बसत नाही. ती त्यांना एकमेकांना चिकटवते, गोळे करते, शेंबड्या थरात अडकवते आणि मलावाटे बाहेर जाऊ देते. पेशीला जंतू चिकटायच्या आधीच त्याचं काम संपवायचं, तेही आग न भडकवता. सूज येऊ न देता संरक्षण, हे आतड्यासाठी फार महत्त्वाचं. रोज जेवणाबरोबर एवढे परके रेणू येत असताना प्रत्येकावर लढाई सुरू झाली तर आतडंच शिल्लक राहणार नाही. वाटेत, पेशीच्या आतच, तिला एखादा विषाणू भेटला तर त्यालाही ती पिशवीत गाठून रोखू शकते, हे १९९२ मध्ये प्रयोगशाळेतल्या पेशींवर दिसून आलं.

इथे पोलिओचे थेंब आठवायला हवेत. १९९५ पासून पल्स पोलिओच्या रविवारी स्टेशनाबाहेर टेबल मांडून बसलेल्या सेविका आणि बाळाच्या बोटावर लावलेली शाईची खूण मुंबईत कुणी पाहिली नाही? थेंबांतला जिवंत पण अशक्त केलेला विषाणू आतड्यातच वाढतो. तिथल्या प्रतिकारपेशी त्याला तिथेच ओळखतात आणि आयजीए बनवणाऱ्या होतात. ती आयजीए पीआयजीआरच्या वाटेने आतड्याच्या पोकळीत येते, आणि पुढे खरा पोलिओचा विषाणू आला तर त्याला आतड्यात पाय रोवणं जड जातं. इंजेक्शनच्या लशीत मेलेला विषाणू असतो. तो दंडात किंवा मांडीत टोचला जातो, त्याच्याविरुद्ध मुख्यतः रक्तातली आयजीजी तयार होते. ती विषाणूला मज्जासंस्थेपर्यंत जाऊ देत नाही, त्यामुळे मूल लुळं पडत नाही. पण आतड्यात विषाणू वाढू शकतो आणि मलावाटे बाहेर पडू शकतो.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. इस्रायलमध्ये मुलांना फक्त इंजेक्शनची लस मिळत होती. २०१३ मध्ये तिथल्या सांडपाण्यात जंगली पोलिओ विषाणू सापडला, महिनोन्महिने सापडत राहिला, आणि एकही मूल लुळं पडलेलं नव्हतं. लस नापास झाली नव्हती. तिची अँटीबॉडी विषाणू जिथे होता तिथे नव्हती, एवढंच. असा मूक प्रसार फक्त सांडपाणी तपासूनच कळतो. भारतात हे काम सगळ्यात आधी मुंबईत सुरू झालं, २००१ मध्ये. नमुने परळच्या प्रयोगशाळेत तपासले जात. भारतातला जंगली पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. त्यानंतर लसीकरणात इंजेक्शनही आलं. ज्या मुलांना थेंब आधी मिळालेले आहेत त्यांना हे इंजेक्शन दिलं तर आतड्यातलं संरक्षणही वाढतं, असं भारतातल्याच मुलांवरच्या अभ्यासांत दिसलं होतं. आतड्याला आधी ओळख झालेली असली की दंडातल्या सुईने ती उजळते. ओळखच नसेल तर नुसत्या सुईने आतड्यात फारसं काही घडत नाही.

कोविडच्या वेळी 'दोन डोस घेऊनही झाला कसा' हा प्रश्न घराघरात होता, त्याच्या उत्तराचा एक भाग हाच. दंडात घेतलेल्या लशीने रक्तात भरपूर आयजीजी येते, फुप्फुसांत तिचा काही अंश झिरपतो. नाकाच्या अस्तरावर लागणारी आयजीए मात्र तोकडी पडते.

आईच्या दुधातली आयजीएही पीआयजीआरनेच दुधात येते, फक्त इथे पेशी स्तनातल्या. यातली खुबी अशी की आईच्या आतड्यात जंतूंची ओळख झालेल्या काही प्रतिकारपेशी रक्तातून स्तनाकडे जातात आणि तिथे ठाण मांडून आयजीए बनवतात. म्हणजे आई जे पाणी पिते, जे खाते, ज्या घरात राहते, तिथल्या जंतूंविरुद्धची आयजीए तिच्या दुधात असते, आणि बाळाला सामना करायचा असतो तो त्याच जंतूंशी. कुर्ल्यातल्या आईच्या दुधात कुर्ल्यातल्या जंतूंची नोंद असते. डब्यातल्या पावडरीत ही सोय करता येत नाही. चीकदूध 'जड असतं' म्हणून पिळून टाकण्याची पद्धत अजून काही घरांत आहे; पहिल्या दिवसांतच आयजीए सगळ्यात जास्त असते, तेव्हा ते टाकणं म्हणजे नुकसानच.

काही माणसांत आयजीए बनतच नाही. जन्मजात प्रतिकारदोषांमध्ये हा सर्वांत जास्त आढळणारा, आणि तरी यातल्या बऱ्याच जणांना त्याचा पत्ताही नसतो. याचं एक कारण असं की पीआयजीआर आयजीएम नावाची पाच तुकड्यांची अँटीबॉडीही वाहून नेतो, कारण तिच्यातही तीच जे-साखळी असते. आयजीए नसेल तर आयजीएम थोडीफार वेळ मारून नेते. जंतूही काही कमी नाहीत. न्यूमोनिया करणारा न्यूमोकॉकस एकीकडे आयजीएला कापणारं एन्झाइम बाळगतो आणि दुसरीकडे नाक-घशातल्या पेशींवरच्या पीआयजीआरलाच चिकटून आत शिरायचा प्रयत्न करतो.

आता दुसरा रिसेप्टर, एफसीआरएन. याची गोष्ट वेल्समधल्या बँगर इथल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकापासून सुरू होते. एफ. डब्ल्यू. रॉजर्स ब्रँबेल सशांवर आणि उंदरांवर काम करत होते. आईच्या अँटीबॉडी पिल्लात पोचतात, पण सगळी प्रथिनं सारखी पोचत नाहीत. काही निवडून घेतली जातात, आणि ठराविक मर्यादेपुढे ती एकमेकांची वाट अडवतात, असं त्यांना दिसलं. अर्थ सरळ होता: मोजक्या संख्येचे रिसेप्टर असणार. १९५८ मध्ये त्यांनी तसं मांडलं. १९६४ मध्ये ते पुढे गेले आणि म्हणाले, रक्तातली आयजीजी इतके दिवस टिकते तीही अशाच रिसेप्टरमुळे. त्या काळी कुणी तो रिसेप्टर पाहिलेला नव्हता. १९८९ मध्ये नील सिमिस्टर आणि मोस्टोव्ह यांनी त्याचा जीन शोधला. हेच ते पीआयजीआरवाले मोस्टोव्ह. दोन्ही रिसेप्टरांच्या गोष्टीत एकच माणूस सापडावा हा योगायोग छान आहे.

एफसीआरएनची सगळी करामत आम्लतेत आहे. पिशवीतलं द्रव किंचित आम्लधर्मी, म्हणजे पीएच ६ च्या आसपास असतं तेव्हा तो आयजीजीला घट्ट धरतो. रक्ताच्या ७.४ पीएचला धरतच नाही. कारण आयजीजीच्या शेपटीकडच्या भागात हिस्टिडीन नावाची अमिनो आम्लं मोक्याच्या जागी बसलेली असतात. आम्लता वाढली की त्यांच्यावर धन विद्युतभार येतो आणि रिसेप्टरशी जुळणी होते, आम्लता उतरली की भार जातो आणि पकड सुटते. कापाकापी नाही, रिसेप्टर खर्ची पडत नाही. आयजीजी सोडून तो दुसऱ्या खेपेला मोकळा.

वारेत हे असं चालतं. बाळाकडच्या बाजूने वारेचे जे बारीक कोंब आईच्या रक्तात बुडालेले असतात, त्यांच्यावर एक विलक्षण थर असतो. त्यातल्या पेशी एकमेकींत विरघळून एकच अखंड पेशी झालेली असते, असंख्य केंद्रकं असलेली. दोन पेशींमधली फटच नाही, कारण दोन पेशीच नाहीत. आईच्या रक्ताचा पीएच ७.४, त्यामुळे बाहेर रिसेप्टर आयजीजीला धरू शकत नाही. हा थर आईच्या रक्तातलं द्रव घोटाघोटाने आत घेतो, त्यात जे असेल ते येतं. पिशवी आम्लधर्मी झाली की आतले एफसीआरएन आयजीजीला पकडतात. बाकीची प्रथिनं लायसोसोमकडे जाऊन मोडली जातात. आयजीजी मात्र रिसेप्टरला धरून पलीकडच्या बाजूला जाते, तिथे पुन्हा ७.४ पीएच मिळतो आणि ती सुटून बाळाच्या बाजूला जाते.

रक्तवाहिन्यांच्या पेशींतही हेच चालतं, फक्त तिथे आयजीजी बहुधा जिथून आली तिथेच परत सोडली जाते. लायसोसोमपासून ती वारंवार वाचते, म्हणून तिचं अर्धआयुष्य, म्हणजे प्रमाण निम्मं व्हायला लागणारा काळ, सुमारे तीन आठवडे असतं. आयजीए आणि आयजीएम रक्तात आठवडाभरही धड निभावत नाहीत. ब्रँबेल यांनी न पाहता बांधलेला अंदाज अगदी बरोबर निघाला.

ही वाहतूक गर्भारपणाच्या १३ व्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, पण बराच काळ रेंगाळत चालते. पाचव्या महिन्यात बाळाकडे आईच्या मानाने साधारण दहावा हिस्सा असतो, २८ ते ३२ आठवड्यांत निम्मा, आणि शेवटच्या महिन्यात तो झपाट्याने आईच्या पुढे जातो. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेलं बाळ जंतुसंसर्गाला इतकं का बळी पडतं त्याचं एक मोठं कारण या आलेखात आहे. सगळ्यात जास्त माल यायच्या आधीच ते बाहेर आलेलं असतं. गर्भवतीला धनुर्वाताचं इंजेक्शन देतात तेही बहुतांशी बाळासाठीच: आईच्या रक्तात आयजीजी तयार होते, वारेतून बाळाकडे जाते, आणि नाळ कापताना धनुर्वाताचे जंतू शिरले तरी त्यांचं विष निकामी होतं. हे लसीकरण आणि दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, आणि २०१५ मध्ये माता व नवजात धनुर्वाताचं भारतातून उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं.

पण आईकडून मिळालेली शिदोरी संपते. दर तीन आठवड्यांनी निम्मी, या हिशेबाने काही महिन्यांत ती नगण्य होते. गोवराची लस आपल्याकडे नवव्या महिन्यात देतात ती यामुळे. त्याआधी दिली तर आईची आयजीजी लशीतल्या अशक्त विषाणूलाच गाठते आणि बाळाची स्वतःची प्रतिकारशक्ती नीट तयार होत नाही. फार उशीर केला तर मधल्या काळात बाळ उघडं पडतं. २०२२ च्या अखेरीला गोवंडी आणि आसपास गोवराची साथ आली तेव्हा हा पेच सगळ्यांसमोर आला. नऊ महिन्यांखालच्या बाळांनाही गोवर होत होता. तेव्हा केंद्राने ठरवलं की ज्या भागांत रुग्णांपैकी दहा टक्क्यांहून जास्त बाळं नऊ महिन्यांखालची आहेत, तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना एक जादा डोस द्यावा, आणि नेहमीचे डोस नंतर द्यायचेच. जादा डोसाचा असर कमी पडणार हे ठाऊक असूनही, साथीत तेवढाही चालेल हा हिशेब होता, आणि तो मला बरोबर वाटतो.

एक गोष्ट दवाखान्यांत अजूनही घरच्यांचा जीव टांगणीला लावते. एचआयव्ही असलेल्या आईच्या नवजात बाळाची अँटीबॉडी चाचणी केली तर ती पॉझिटिव्हच येते. बाळाला संसर्ग असो वा नसो, कारण चाचणीत दिसते ती आईची आयजीजी. म्हणून तान्ह्या बाळाची तपासणी विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या पीसीआरने करतात, सहाव्या आठवड्यापासून. अँटीबॉडी चाचणीवर विसंबायचं ते १८ महिन्यांनंतर. हे कुणी नीट समजावून सांगितलं नाही तर रिपोर्ट हातात आल्यावर घरात काय होत असेल याची कल्पना करा.

एफसीआरएन आयजीजीची फक्त शेपटी ओळखतो. तिचं पुढचं टोक कुणाविरुद्ध आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. गोवराविरुद्धची, धनुर्वाताविरुद्धची आणि बाळाच्याच लाल पेशींविरुद्धची आयजीजी त्याला सारखीच. आरएच निगेटिव्ह आईच्या शरीरात आरएच पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध आयजीजी तयार झाली असेल तर तीही त्याच तत्परतेने बाळाकडे जाते आणि त्याच्या लाल पेशी फोडते. ए आणि बी रक्तगटांविरुद्धच्या आपल्या नेहमीच्या अँटीबॉडी मुख्यतः आयजीएम असतात, त्या वार ओलांडत नाहीत. आई 'ओ' गटाची असेल तर त्यांच्यात काही आयजीजीही असते आणि ती वार ओलांडते, पण तान्ह्याच्या लाल पेशींवर ए-बीच्या खुणा विरळ असल्याने बाळ 'ए' असलं तरी सहसा मोठा अनर्थ होत नाही.

हे सगळं कळल्यावर औषधं करणारे गप्प बसणार नव्हतेच. आयजीजीच्या शेपटीतली तीन अमिनो आम्लं बदलून एफसीआरएनची आम्लातली पकड वाढवली की अँटीबॉडी आणखी जास्त दिवस टिकते. तान्ह्या बाळांना छातीचा त्रास देणाऱ्या आरएसव्ही विषाणूविरुद्धची निरसेविमॅब ही अशी अँटीबॉडी. तिचं अर्धआयुष्य दोन महिन्यांहून जास्त, त्यामुळे एका इंजेक्शनवर आरएसव्हीचा अख्खा हंगाम निघतो. उलट दिशेनेही काम झालं. मायस्थेनिया ग्रॅव्हिसमध्ये रुग्णाची स्वतःचीच आयजीजी स्नायूंवर उलटते. अशा वेळी एफसीआरएनला अडवून धरलं तर आयजीजी वाचत नाही, लायसोसोममध्ये जाते आणि रक्तातलं तिचं प्रमाण उतरतं. एफगार्टिजिमॉड या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये या आजारासाठी परवानगी मिळाली.

मग हीच युक्ती वारेत वापरता येईल का? आरएचसारख्या त्रासात आधीचं बाळ गमावलेल्या किंवा फार लवकर गर्भातच रक्त द्यावं लागलेल्या १३ गर्भवतींना निपोकॅलिमॅब हे एफसीआरएन अडवणारं औषध दिलं गेलं. निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. १३ पैकी सात जणींची बाळं गर्भात रक्त न देता ३२ आठवड्यांपुढे जाऊन जिवंत जन्मली. एवढ्या कठीण गर्भारपणांत हे थोडंथोडकं नाही. मात्र रिसेप्टर अडवला की वाईट आयजीजीबरोबर चांगलीही अडते, आणि ही बाळं जन्मली तेव्हा त्यांच्याकडे आईची शिदोरी कमीच होती.